वायरमन आणि वेल्डर यांच्या मधलं काम

कारखान्याच्या विद्युतकामाचं टेंडर उघडलं, की ट्रान्सफॉर्मर, पॅनेल आणि डीजी सेट यांनी पानंच्या पानं भरलेली दिसतात. मेक कोणती, केव्हीए किती, चाचण्या कोणत्या आणि त्या कुणाच्या समोर घ्यायच्या, सगळं लिहिलेलं असतं. केबल लॅडरच्या वाट्याला मात्र दोन-तीन ओळी येतात: रुंदी, पत्र्याची जाडी, ‘हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड’ हे तीन शब्द आणि रनिंग मीटरचा दर. सपोर्ट किती अंतरावर द्यायचे, दोन लांब्यांचा जोड कुठे यायला हवा, उन्हाळ्यात ती लांबली तर सरकणार कुठे, याबद्दल चकार शब्द नसतो. ते साइटवर बघून घेऊ, असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. साइटवर ते बघायचं कुणी, हे मात्र ठरलेलं नसतं.

विद्युत अभियंत्याच्या लेखी लॅडर म्हणजे लोखंडी काम. तो ते फॅब्रिकेटरकडे सोपवतो. फॅब्रिकेटरला वेल्डिंग येतं, लेव्हल कळते, पण उद्या त्या लॅडरवर किती किलोच्या किती केबली चढणार आहेत हे त्याला कुणी सांगत नाही. सिव्हिलवाला म्हणतो, माझ्या स्लॅबला भोकं पाडण्याआधी विचारा. तोवर एसीच्या डक्टवाल्याने आणि स्प्रिंकलरच्या पाइपवाल्याने छताखालची चांगली जागा धरलेली असते. मग दोन महिन्यांनी केबल ओढणारी टोळी येते आणि जे टांगलेलं असेल त्यावर माल चढवून मोकळी होते. इतक्या हातांतून जाणारं आणि कुणाचंच नसलेलं असं दुसरं काम कारखान्यात क्वचितच सापडेल.

वास्तविक ही साधी दिसणारी वस्तू एकाच वेळी तीन कामं करते. ती तुळई आहे, कारण टनावारी वजन तोलते. ती केबलींना वारा देते, म्हणजे त्यांच्यातून किती प्रवाह नेता येईल हे काही अंशी तीच ठरवते. आणि ती अर्थिंगशी जोडलेली धातूची सलग वाटही आहे. पहिलं काम स्ट्रक्चरवाल्याचं, दुसरं डिझाइनवाल्याचं, तिसरं वायरमनचं. तिघांनी मिळून एकदा तरी त्या लॅडरखाली उभं राहावं, एवढ्यासाठी पुढची प्रकरणं लिहिली आहेत.

आधी वस्तूची ओळख. दोन बाजूंना उभ्या कडांचे लांब चॅनेल आणि त्यांच्यामध्ये ठरावीक अंतरावर आडव्या पट्ट्या. आपल्याकडे हे अंतर बहुधा 250 किंवा 300 मिमी असतं, रुंदी 150 पासून 900 मिमीपर्यंत मिळते आणि एक लांबी सहसा अडीच मीटरची येते. साइटवर सगळ्यालाच ‘ट्रे’ म्हणतात. फरक करायचाच झाला तर ‘लॅडर टाइप’ आणि ‘परफोरेटेड’. परफोरेटेड म्हणजे तळाला भोकांचा पत्रा असलेला. हलक्या कंट्रोल केबलींसाठी तो बरा, कारण त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये लोंबकळत नाहीत. जाडजूड पॉवर केबलींना मात्र लॅडरच हवी.

त्याचं एक कारण हवा. केबल गरम होते आणि ती उष्णता बाहेर टाकली गेली नाही तर इन्सुलेशन अकाली म्हातारं होतं. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी 60364 मध्ये यासाठी गुणक दिलेले आहेत. नऊ मल्टिकोर केबली एकमेकींना चिकटून परफोरेटेड ट्रेवर टाकल्या, तर प्रत्येकीची क्षमता 0.73 ने गुणायची. त्याच केबली लॅडरवर टाकल्या तर 0.78 ने. म्हणजे एकटी असताना 400 अँपिअर नेणारी केबल ट्रेवर 292 अँपिअरची राहते आणि लॅडरवर 312 ची. हे आकडेही केबली एका थरात आहेत, एकावर एक असलेल्या दोन लॅडरमध्ये 300 मिमीचं अंतर आहे आणि भिंतीपासून निदान 20 मिमी जागा सोडली आहे, असं धरून काढलेले आहेत. प्रत्यक्षात पाच वर्षं जुन्या कारखान्यात वर मान करून पाहिलं, तर तीन-तीन थर रचलेले दिसतात. त्या ढिगाच्या मधल्या केबलीला कोणता गुणक लावायचा, याचं उत्तर तक्त्यात नाही.

दुसरं कारण धूळ, आणि ते महाराष्ट्राला जास्त लागू पडतं. साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती विभागात बगॅसचा भुस्सा हवेत सतत तरंगत असतो. भोकांच्या ट्रेवर तो साचतो, भोकं बुजवतो आणि केबलींवर पांघरुणासारखा बसतो. आत उष्णता कोंडते, आणि वर पेटायला तयार माल. उघड्या पट्ट्यांच्या लॅडरमधून बराचसा भुस्सा खाली पडून जातो. औष्णिक केंद्रांच्या कोळसा हाताळणी विभागात तर लॅडर मुद्दाम आडवी न टाकता कडेवर उभी बसवतात, म्हणजे कोळशाच्या भुकटीला बसायला जागाच उरत नाही. अशा वेळी केबली पट्ट्यांना नीट क्लँप कराव्या लागतात. खर्च वाढतो, पण वाचवायचंच असेल तर ते दुसरीकडे कुठेतरी वाचवावं.

आता तुळईचा हिशोब. साडेतीन कोरची, 300 चौरस मिमीची, अ‍ॅल्युमिनियमची आर्मर्ड केबल मीटरला सुमारे सहा किलो भरते आणि तिचा व्यास 64 मिमीच्या आसपास असतो. अशा आठ केबली 600 मिमीच्या लॅडरवर एका थरात बसतात. झाले मीटरला 48 किलो. दोन सपोर्टमध्ये तीन मीटरचं अंतर असेल तर त्या एका गाळ्यावर 144 किलो, शिवाय लॅडरचं स्वतःचं वजन. एवढ्यावर बहुतेकांचा विश्वास बसतो. विश्वास बसत नाही तो पुढच्या गोष्टीवर: सारख्या पसरलेल्या वजनाखाली तुळईला येणारा झोल गाळ्याच्या चौथ्या घातात वाढतो. दोन मीटरऐवजी तीन मीटरवर सपोर्ट दिला, तर झोल दीडपट होत नाही, पाचपट होतो. ठेकेदाराने शंभर मीटरच्या रनमध्ये पंधरा-सोळा सपोर्ट वाचवलेले असतात, आणि ते कागदावर छान दिसतं.

लॅडरच्या मोजमापासाठी आयईसी 61537 हे मानक आहे. सुरक्षित भार चढवल्यावर झोल गाळ्याच्या शंभराव्या भागापेक्षा जास्त नको, असं ते सांगतं. म्हणजे तीन मीटरला 30 मिमी. आणि त्या भाराच्या 1.7 पट वजन टाकलं तरी लॅडर कोसळता कामा नये. चांगल्या उत्पादकाच्या कॅटलॉगमध्ये गाळा आणि भार यांचा आलेख असतो. तो मागून घ्यावा. नुसती ‘दोन मिमी जाड पत्रा’ ही माहिती लॅडर किती तोलेल याबद्दल फार थोडं सांगते; बाजूच्या चॅनेलची उंची आणि त्याच्या कडा कशा वळवल्या आहेत, यावर बरंच काही अवलंबून असतं.

जोडाची गोष्ट तर त्याहून बारीक. कपलर प्लेट लावून दोन लांब्या जोडल्या, की तो जोड अखंड चॅनेलइतका ताठ राहीलच असं नाही. म्हणून तो अशा ठिकाणी यावा जिथे वाकवणारा जोर कमीत कमी असतो. सलग जाणाऱ्या तुळईत ही जागा सपोर्टपासून गाळ्याच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शावर सापडते. सपोर्टच्या डोक्यावरही नाही आणि गाळ्याच्या मधोमधही नाही. चाकणच्या किंवा बुटीबोरीच्या एखाद्या नव्या शेडमध्ये हे काम चालू असताना पाहावं. फिटर लाइनदोरी बांधतो, दोन टोकांना पाण्याच्या नळीने लेव्हल काढतो, अँकर फास्टनर ठोकतो, थ्रेडेड रॉड लोंबवतो, त्यावर चॅनेलचा तुकडा अडकवतो. हात सफाईदार चालतात. मग पहिली लांबी बरोबर पहिल्या चॅनेलपासून सुरू होते आणि सपोर्टही अडीच मीटरवरच असल्याने पुढचा प्रत्येक जोड सपोर्टच्या डोक्यावर येतो. पहिला तुकडा 600 मिमी पुढे सरकवला असता तर सगळे जोड आपोआप योग्य जागी आले असते. एवढं एक वाक्य त्या फिटरला कुणी सांगितलेलं नसतं.

त्याच जोडात आणखी एक छोटी चूक हमखास होते. बोल्टचं गुळगुळीत डोकं आत आणि नट बाहेर, हा नियम. उलटं बसवलं तर बोल्टचे आटे केबलीच्या बाजूला बाहेर डोकावतात, आणि मीटरला सहा किलो भरणारी केबल रोलरवरून ओढली जात असताना तिचं बाहेरचं आवरण त्या आट्यांवर फाटतं. तेव्हा कुणाला दिसत नाही. दोन पावसाळ्यांनंतर मेगर लावल्यावर दिसतं.

वळणांवर फॅब्रिकेटरची खरी परीक्षा असते. आर्मर्ड मल्टिकोर एलटी केबल तिच्या व्यासाच्या बारा पटींपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नये, असं भारतीय मानक आयएस 1255 सांगतं. वर उल्लेखलेल्या केबलीला हा आकडा 768 मिमी येतो. म्हणजे 600 मिमी त्रिज्येचा तयार बेंड तिला पुरत नाही, 900 चा लागतो. साइटवर मात्र बेंड आला नाही म्हणून सरळ लांबीच कापून, 45 अंशांत वेल्ड करून कोपरा बनवला जातो. आतल्या कडेची केबल त्या टोकदार कोपऱ्यावर घासत वळते, आणि टोळीतला कुणीतरी तिला पायाने दाबून बसवतो. पाय देणं ही सवयच झालेली असते. लॅडर हा चालायचा रस्ता नव्हे, हे प्रत्येक उत्पादक छापतो. तरी वरचा दिवा बदलायला माणूस सगळ्यात आधी तिच्यावरच चढतो.

विदर्भात लॅडर टाकणाऱ्याने उष्णतेचाही हिशोब ठेवायला हवा. पत्र्याच्या छपराखाली किंवा उघड्या पाइपरॅकवर मे महिन्यातल्या दुपारी आणि जानेवारीतल्या पहाटे धातूच्या तापमानात 50 अंशांचा फरक सहज पडतो. पोलादाची 100 मीटरची रन त्यात सुमारे 60 मिमीने लांबते, अ‍ॅल्युमिनियमची त्याच्या जवळजवळ दुप्पट. दोन्ही टोकं पक्की आवळली असतील तर ती लांबी कुठेतरी फुगवटा काढते किंवा अँकर उपटते. म्हणून मध्ये एक सपोर्ट पक्का ठेवायचा, बाकीच्यांवर लॅडर सरकू द्यायची, ठरावीक अंतरावर लांबट भोकांचे एक्स्पान्शन कपलर बसवायचे आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना जवळच सपोर्ट द्यायचा. त्या जोडावर अर्थिंग तुटू नये म्हणून तांब्याची लवचीक वेणी लागते. सरकता जोड वर्षानुवर्षं वीज नीट नेईल, यावर भरवसा ठेवू नये.

कोकणात प्रश्न वेगळा. तिथे उष्णतेपेक्षा खारी हवा लॅडर खाते. गॅल्व्हनायझिंग म्हणजे तयार लॅडर सुमारे 450 अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवणं. दोन मिमीहून जाड पत्र्यावर अशा रीतीने साधारण 60-65 मायक्रॉनचा थर बसतो. आधीच जस्त चढवलेल्या पत्र्यापासून बनवलेली लॅडर दिसायला जास्त चकचकीत आणि दराला स्वस्त. पण 275 ग्रॅमच्या पत्र्यावर एका बाजूला थर असतो जेमतेम 20 मायक्रॉनचा, आणि कापलेल्या कडा उघड्याच. गंजाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत समुद्रकाठच्या कडक हवेला सी-5 म्हणतात. तिथे जस्त वर्षाला 4.2 ते 8.4 मायक्रॉन झिजतं. भागाकार सोपा आहे. एक लॅडर सात ते पंधरा वर्षं काढेल, दुसरी पाच वर्षं पुरी करणार नाही. टेंडर तपासणाऱ्या साहेबाला दोन्ही चांदीसारख्याच दिसतात. फरक जाडी मोजायच्या छोट्या यंत्रावर दोन मिनिटांत कळतो.

आणि हे सगळं गोदामातच वाया घालवण्याची सोय पावसाळ्यात असते. नव्या लांब्या उघड्यावर, एकीवर एक रचून ठेवल्या की मधल्या फटींत पाणी धरतं, हवा पोचत नाही आणि जस्तावर पांढरी पूड येते. तिला साइटवर ‘व्हाइट रस्ट’ म्हणतात. थोडा उतार देऊन, मध्ये लाकडी पट्ट्या घालून, ताडपत्री वरून टाकून पण कडा मोकळ्या ठेवून रचलं तर हे टळतं. कापलेल्या टोकांना झिंक रिच पेंट लावणं हाही असाच एक मिनिटाचा उद्योग, जो सुपरवायझर पाठ वळवताच राहून जातो. गॅल्व्हनाइज्ड भागावर वेल्डिंग टाळावंच. करावं लागलं तर आधी जस्त घासून काढावं, कारण जळत्या जस्ताचा धूर छातीत गेला की वेल्डर संध्याकाळी थंडी-तापाने फणफणतो.

आतापर्यंत सांगितलं ते रोजच्या दिवसांचं. लॅडरची कसोटी लागते ती शॉर्ट सर्किटच्या क्षणी. तीन एककोर केबली त्रिकोणात बांधलेल्या असतील आणि दोषप्रवाहाचं शिखर 100 किलोअँपिअरचं असेल, तर दोन केबलींच्या केंद्रांमधलं अंतर 40 मिमी धरून प्रत्येक मीटरला 42 किलोन्यूटनहून जास्त, म्हणजे चार टनांपेक्षा अधिक जोराने त्या एकमेकींपासून फेकल्या जातात. हा धक्का पहिल्या एक शतांश सेकंदात बसतो. साधा ब्रेकर उघडायच्या आधीच. नायलॉनच्या टाय इथे काही कामाच्या नाहीत. त्यासाठी चाचणी केलेले क्लीट लागतात आणि ते किती अंतरावर लावायचे हे याच हिशोबातून ठरतं. एककोर केबलीभोवती लोखंडाचं बंद कडं घालायचं नाही, हेही इथेच सांगून टाकायला हवं: आतल्या प्रवाहाने ते कडंच तापू लागतं.

आगीच्या प्रकरणाला या पुस्तकात सगळ्यात जास्त पानं दिली आहेत, आणि ते योग्यच आहे. 22 मार्च 1975 रोजी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात कामगार केबली जिथून भिंतीपलीकडे जातात तिथली फट हवाबंद आहे का, हे तपासत होते. तपासायचं साधन होतं मेणबत्ती. ज्योत हलली तर हवा जाते आहे असं समजायचं. फट बुजवायला वापरलेला पॉलियुरेथेन फोम त्या ज्योतीने पेटला. आग ट्रेवरून भिंतीपलीकडे गेली, सुमारे सात तास चालली आणि 1,600 हून अधिक केबली निकामी झाल्या. दोन्ही चालू अणुभट्ट्या बंद करून थंड ठेवता आल्या, पण सुरक्षेच्या कित्येक यंत्रणांच्या केबली एकाच वाटेने नेलेल्या होत्या, त्या एकत्रच गेल्या. विजेच्या केबलींवर पाणी मारायचं की नाही, या संकोचात बराच वेळ गेला. शेवटी पाण्यानेच आग विझली. अमेरिकेतले अणुकेंद्रांच्या अग्निसुरक्षेचे नियम यानंतर नव्याने लिहिले गेले.

अठरा वर्षांनी तसाच धडा आपल्या देशात गिरवला गेला. 31 मार्च 1993 च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हादऱ्याने जनित्रातला हायड्रोजन आणि वंगणाचं तेल पेटलं आणि आग केबलींच्या वाटेने पसरली. नेहमीचा वीजपुरवठा आणि आणीबाणीचा वीजपुरवठा यांच्या केबली एकमेकींपासून पुरेशा वेगळ्या आणि आगीपासून संरक्षित नव्हत्या. केंद्र सुमारे सतरा तास पूर्ण अंधारात होतं. नियंत्रण कक्षात धूर भरल्याने तो सोडावा लागला. डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी वाफजनित्रांना पाणी पुरवून अणुभट्टी थंड ठेवली गेली. टर्बाइनची पाती तुटणं लॅडर टाकणाऱ्याच्या हातात नव्हतं. मुख्य आणि पर्यायी केबली दोन वेगळ्या वाटांनी नेणं, भिंतीतली प्रत्येक आरपार जागा अग्निरोधक द्रव्याने बंद करणं, हे मात्र लॅडरचा नकाशा काढतानाच ठरतं. एकदा केबली ओढून झाल्या की ते बदलायला कुणी तयार होत नाही.

इमारतींची गोष्ट आणखी वेगळी. 6 एप्रिल 2010 रोजी इंग्लंडमधल्या साउदम्प्टन शहरात शर्ली टॉवर्स या उंच निवासी इमारतीला आग लागली. केबली धरून ठेवणारं प्लास्टिकचं साहित्य उष्णतेने वितळलं, केबली लोंबल्या, आणि त्यांत अडकलेल्या दोन अग्निशमन जवानांचा मृत्यू झाला. ब्रिटिश वायरिंग नियमांत आधी बाहेर पडायच्या वाटांसाठी आणि 2018 च्या आवृत्तीत सगळ्याच जागांसाठी अट आली, की आगीत केबली अकाली कोसळणार नाहीत असा आधार हवा. व्यवहारात याचा अर्थ ठरावीक अंतरावर धातूचा आधार. मुंबई-ठाण्यातल्या उंच टॉवरच्या लॉबीत, फॉल्स सीलिंगच्या वर, प्लास्टिकच्या पट्टीवर केबली सोडताना हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

अर्थिंगचं प्रकरण छोटं आहे, कारण त्यात वाद कमी आहेत. आयईसी 61537 प्रमाणे जोडातला विद्युतरोध 50 मिलिओहमपेक्षा जास्त नको. रंगवलेल्या लॅडरवर जोडाच्या जागचा रंग खरवडल्याशिवाय हा आकडा येत नाही. आपल्याकडे शेजारून जीआयची पट्टी वेगळी नेण्याची पद्धत आहे. ती चांगलीच आहे, पण म्हणून लॅडरचे जोड ढिले ठेवायची मुभा मिळत नाही.

हे पुस्तक आयटीआय झालेला फिटर, साइट सुपरवायझर आणि बिल तपासणारा अभियंता, तिघांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. त्यामुळे काही पानं कुणाला फार सोपी वाटतील, काही कुणाला फार आकडेमोडीची. तक्ते मागे दिले आहेत. भाराचा हिशोब मात्र प्रकरणातच पायरीपायरीने सोडवला आहे, कारण तो टाळला जातो हे उघड आहे. शेवटच्या प्रकरणाचा विषय जुन्या कारखान्यातल्या लॅडर आहेत. तिथे अर्ध्याअधिक केबली मेलेल्या असतात: मोटर बदलली, मशिन गेलं, केबल मात्र दोन्ही टोकांना कापून तशीच सोडली. त्यांच्यावर चालू केबली रचलेल्या असल्याने त्या ओढून काढणं नवीन टाकण्यापेक्षा अवघड. कोणती मेलेली आणि कोणती जिवंत हे ओळखायचं कसं, शटडाउनच्या एका रविवारात किती काढता येतात, मधूनच कापायची वेळ आली तर आधी कोणती चाचणी घ्यायची, आणि जागा मोकळी झाल्यावर उरलेल्या केबलींना पुन्हा एका थरात कसं बसवायचं, हे तिथे टॅगच्या नमुन्यांसह दाखवलं आहे.